सफरचंदाचा लोफ केक मधोमध ओला का राहतो आणि तो नीट कसा करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सफरचंद-दालचिनीचा लोफ दोनदा केलात, दोन्ही वेळा वरून मस्त फुगला, रंगही आला, पण कापल्यावर मधे ओला लगदा, तळाला बोटभर चिकट थर आणि सफरचंदाचे तुकडे सगळे खाली जाऊन बसलेले. तीन सफरचंदं, दीड कप मैदा, दोन अंडी, अर्धा कप तेल, २८ लिटरचा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन), १८० अंशांवर ४५ मिनिटं. रेसिपी एका अमेरिकन व्हिडिओतली. आणि शेवटी विचारलंय की बेकिंग पावडर वाढवू का.

पावडर अजिबात वाढवू नका. पावडर वाढवली की केक ओव्हनमधे आणखी जोरात फुगेल आणि आतला ओला भाग ते वजन पेलू शकणार नाही म्हणून बाहेर काढल्यावर आणखी खोल बसेल, वर तोंडात खारट-तुरट चव राहील ती वेगळीच. तुमचा केक फुगत नाहीये असं नाहीच मुळी, तुमच्या केकमधे पाणी जास्त झालंय. मी सांगलीत २२ वर्षं घरून केक करून देते, क्लासही घेते, आणि सफरचंदाच्या केकबद्दल जेवढ्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेक शेवटी पाण्यावरच येऊन थांबतात.

जरा हिशोब करून बघा. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. आपल्याकडे सीझनमधे जे मोठं किन्नौरी किंवा काश्मिरी सफरचंद मिळतं ते एकेक सहज २०० ग्रॅमचं, तीन घेतली, सालं-बिया काढल्या तरी ५०० ग्रॅम गर उरला, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास पाणी, दोन ग्लास धरा. आणि समोर मैदा किती, तर पावणेदोनशे-एकशेनव्वद ग्रॅम. कच्च्या सफरचंदात हे पाणी पेशींमधे बंद असतं म्हणून हाताला ओलं लागत नाही आणि आपण फसतो, पण ओव्हनमधे गर तापला की पेशी फुटतात आणि पाणी बाहेर येतं, अगदी केक सेट व्हायच्या वेळेला. तुम्ही बॅटर बघितलं तेव्हा ते छान घट्ट असणार, बरोबर ना? अर्ध्या तासाने ते तसं राहिलेलं नव्हतं.

आता त्या व्हिडिओत हे का झालं नसेल, तर तिथे 'तीन मध्यम सफरचंदं' म्हणजे आपल्या तीन मोठ्यांपेक्षा बरीच लहान असू शकतात, आणि मुख्य म्हणजे तिकडे बेकिंगला बहुतेक लोक ग्रॅनी स्मिथसारखं कडक, आंबट सफरचंद वापरतात जे भाजलं तरी तुकडा धरून ठेवतं. आपल्याकडे बहुतेक बाजार डिलिशस या लाल, गोड जातीच्या कुळाचा. १९१६ साली सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने हिमाचलात कोटगडला रेड डिलिशसची झाडं लावली, पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले, आणि त्या भागातली शेतीच सफरचंदावर गेली. फार गोड, सुंदर फळ आहे, पण ते हातात धरून चावून खायचं फळ आहे. आंबटपणा कमी आणि जरा दिवस गेले की भुसभुशीत. म्हणून बाहेरची रेसिपी आपल्या सफरचंदाला जशीच्या तशी लावली की ती बिघडतेच, त्यात तुमचा हात चांगला की वाईट याचा संबंध नाही.

बाजारात काय घ्यायचं तेही सांगते. ऑगस्टपासून शिमल्याकडचा माल येतो, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात काश्मीर आणि किन्नौर. या दिवसांत घेतलेलं ताजं सफरचंद चावलं की कट्ट आवाज येतो, ते तुकड्यांसाठी उत्तम. फेब्रुवारीनंतर जे मिळतं ते कोल्ड स्टोरेजचं, चव ठीक पण लवकर पिठूळ होतं. शक्य असेल तर एक लाल गोड आणि एक हिरवं ग्रॅनी स्मिथ असं मिक्स घ्या, हिरवं महाग पडतं पण एकच लागतं. हिरवं नाही मिळालं तर दोन्ही लाल घ्या आणि एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि अर्ध्या लिंबाची किसलेली साल घाला (पिवळाच भाग, पांढरा आला की कडू), नाहीतर केक नुसता गोड गोड लागतो आणि सफरचंद खाल्ल्यासारखं वाटतच नाही.

आणि घरात पडून राहिलेली सफरचंदं असतील तर तीही वाया घालवू नका. गणपतीत तर आमच्याकडे फळांचा ढीग होतो, येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन येतो, पाचव्या दिवशी फ्रीजचा खालचा कप्पा भरलेला असतो आणि मुलं ढुंकून बघत नाहीत. ती मऊ पडलेली, साल किंचित सुरकुतलेली सफरचंदं किसण्यासाठी चालतात. फक्त तुकड्यांसाठी एक कडक आणा.

आता मी कसा करते ते सांगते, आणि पहिला अर्धा तास केकला हात लावायचा नाही, फक्त सफरचंद.

सालं काढायचीच. बाहेरून येणाऱ्या चमकदार सफरचंदांवर मेण असतं, आणि मेण नसलं तरी साल केकमधे शिजून चामड्याच्या पट्टीसारखी दाताखाली येते. साल आणि मधला भाग काढून २८० ग्रॅम गर पाहिजे, वजनकाट्यावर ठेवून बघा, नगावर जाऊ नका. त्यातला अर्धा जाड किसणीने किसायचा, अर्ध्याचे एक सेंटिमीटरचे तुकडे, म्हणजे उपम्यात बटाटा घालतो साधारण तेवढे. सफरचंद काळं पडेल म्हणून घाई करू नका, या केकचा रंग तपकिरीच असतो, काही फरक पडत नाही.

किसावर चिमूटभर मीठ आणि एक चमचा साखर टाकून दहा मिनिटं ठेवा आणि मग पातळ पंच्यात किंवा मुठीत धरून पिळा. अगदी कोरडा नको, चक्क्याला बांधतो तसं नाही, एकदा चांगला दाबला की बास. खालच्या वाटीत तीन-चार मोठे चमचे रस जमतो, पहिल्यांदा करणारीला हे बघून फार आश्चर्य वाटतं, क्लासमधे मी ही वाटी सगळ्यांच्या हातात फिरवते कारण तुमचा तो चिकट थर म्हणजे ही वाटी.

हा रस ओतून द्यायचा नाही. छोट्या कढईत उकळून निम्मा करा, गॅस बंद करा आणि त्यात मूठभर बेदाणे टाकून झाकून ठेवा. आम्ही सांगलीवाले त्यामुळे तासगावचे बेदाणे घरात कायम असतात, पण कुठलेही चालतील. पंधरा-वीस मिनिटांत बेदाणे तो रस पिऊन टम्म होतात. याचा दुहेरी फायदा आहे, सफरचंदाची चव वाया जात नाही आणि कोरडे बेदाणे केकमधे टाकल्यावर ते आजूबाजूच्या केकमधली ओल ओढतात आणि स्वतः कडक राहतात ते होत नाही. तळाशी रस उरला तर गाळून पिऊन टाका, केकमधे नको.

तुकड्यांचं वेगळं. पॅनमधे एक छोटा चमचा तूप, तुकडे, एक मोठा चमचा साखर, मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परतायचं. आधी पाणी सुटतं आणि सगळं पातळ होतं, तिथे घाबरून गॅस बंद करू नका, अजून दोन मिनिटं थांबलात की पाणी आटून पाक तुकड्यांना चिकटतो आणि कडा किंचित सोनेरी व्हायला लागतात, पॅनमधला आवाज बदलतो, रटरट थांबून चुरचुर सुरू होते. तिथे थांबायचं. तुकडा बाहेरून मऊ, आतून अजून दाताला लागणारा. ताटलीत पसरून पूर्ण गार करा. पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट तुकडे बॅटरमधे गेले की बेकिंग पावडर बाहेरच काम करायला लागते.

तुकडे खाली बसू नयेत म्हणून मैदा चोळा असं सगळीकडे सांगतात. चोळा हवं तर, नुकसान नाही, पण बॅटर पातळ असेल तर मैदा चोळलेला तुकडासुद्धा बुडतो. तुकडा लहान, कोरडा आणि बॅटर घट्ट, हे तीन असलं की मैदा न चोळता तुकडे जिथल्या तिथे राहतात.

मसाल्याबद्दल थोडं जास्त बोलणार आहे कारण या केकचा जीव त्यातच आहे आणि बहुतेक जणी वर्षभर डब्यात पडलेली दालचिनीची पूड वापरतात. वाण्याकडे जी जाड, खरबरीत, एकाच थराची साल मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया असते, खरी दालचिनी पातळ, कागदासारख्या अनेक थरांची गुंडाळी असते आणि बोटांनी मोडते. कॅसिया तिखट आणि दणकट लागते, खरी दालचिनी गोडसर. केकला दोन्ही चालतात, पण खरी मिळाली तर नक्की घ्या, कोकणातही होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' नावाची जातच आहे, कोकणात कोणी ओळखीचं असेल तर मागवा. दळताना एक चमचा साखर टाकून मिक्सरला फिरवा, एकटी दालचिनी नीट बारीक होत नाही, आणि चाळून घ्या. दीड छोटा चमचा पूड लागते. अर्धा चमचा सुंठ. दोन लवंगा कुटून, त्याहून जास्त नको, लवंग पुढे पुढे करते. जायफळ मात्र पूड करून ठेवलेलं वापरू नका, पुरणपोळीला घेतो तसं आयत्या वेळी किसायचं, पाव चमचा. वेलची मी यात घालत नाही, वेलची घातली की केक खाताना शिऱ्याची आठवण येते, मला या केकमधे ती नको वाटते, तुम्हाला आवडत असेल तर घाला.

आणि हे मसाले मैद्यात मिसळण्याऐवजी तेलात घाला. १०० ग्रॅम सूर्यफुलाचं तेल अगदी कोमट करायचं, बोट सहज बुडवता आलं पाहिजे, गॅस बंद करून त्यात सगळे मसाले ढवळून गार होईपर्यंत ठेवायचं. आपण फोडणी तेलात का देतो, तर मसाल्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही, तेच इथे. नुसत्या मैद्यात घातलेली आणि अशी तेलात भिजवलेली दालचिनी, दोन केक शेजारी शेजारी ठेवून खाल्लेत तर फरक लगेच कळेल. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, त्याचा वास सगळ्यावर मात करतो. बटर घालायचं तर घाला पण मग केक फ्रीजमधे दगड होतो, तेलाचा मऊ राहतो.

बाकी सामान असं, मैदा १९० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा सपाट, खायचा सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा, हे सगळं दोनदा चाळून. साखर १३० ग्रॅम, ब्राउन शुगर असेल तर छान, नसेल तर साधी. दोन अंडी फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढलेली. घट्ट दही ६० ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे, हे दही सोड्याला आंबटपणा मिळावा म्हणून आहे, ते गाळलं तर सोडाही गाळा नाहीतर केकला साबणासारखी चव येते. व्हॅनिला एक चमचा. अक्रोड ५० ग्रॅम, कढईत कोरडे भाजून मोडलेले. हे सगळं साडेआठ बाय साडेचार इंचाच्या लोफ टिनला बसतं, बॅटर टिनच्या दोन तृतीयांशाच्या वर जाता कामा नये. वाटीने मापणाऱ्यांनी कृपया एक छोटा वजनकाटा घ्या, व्हिडिओतला कप २४० मिलिलिटरचा असतो आणि आपल्या घरातली प्रत्येक वाटी वेगळी.

ओव्हन आधी लावून ठेवा, मग मिसळायला घ्या. अंडी आणि साखर हाताच्या व्हिस्कने दोन-तीन मिनिटं फेटा, रंग फिका आणि फेस बारीक झाला की मसाल्याचं तेल बारीक धारेने, मग दही, व्हॅनिला, पिळलेला कीस. इथपर्यंत कितीही ढवळा, काही बिघडत नाही. मैदा पडला की हात आवरायचा. मैदा ओला होऊन जितका घोटाल तितका तो चिवट होतो, पोळीच्या कणकेला जे पाहिजे तेच केकला नको असतं. दोन वेळा मैदा घालून स्पॅच्युलाने खालून वर घेत, भांडं फिरवत, पंधरा-अठरा वळसे, कुठेकुठे मैद्याच्या रेघा दिसत असतानाच तुकडे, बेदाणे, अक्रोड घाला म्हणजे ते मिसळेपर्यंत रेघा जातात. बॅटर इडलीच्या पिठापेक्षा घट्ट पाहिजे, चमचा उचलला तर ओघळायला नको, गोळा धप्पकन पडायला पाहिजे. इथे पातळ वाटलं तर तुमचा कीस कमी पिळला गेलाय, दोन मोठे चमचे मैदा वर घालून सावरता येतं.

टिनला बटर पेपर लावताना लांब बाजूंनी दोन्हीकडे बाहेर कानासारखा येऊ द्या, केक उचलून काढता येतो, उलटा पाडावा लागत नाही. वरून मी खडीसाखर जाडसर कुटून एक मोठा चमचा भुरभुरते, ती पूर्ण विरघळत नाही आणि वरचा पापुद्रा कुरकुरीत होतो, हे करून बघाच.

आता ओटीजी. माझ्या पहिल्या ओटीजीने मला एक वर्ष रडवलंय. पहिला लोफ शेजारच्या आजींच्या साठीला केला होता, २५ मिनिटांत वरून काळा, आत कच्चा, आणि मी धरून चालले की माझंच मिश्रण चुकतंय, सहा-सात वेळा माप बदललं. शेवटी ओव्हनमधे ठेवायचं थर्मामीटर आणलं तेव्हा कळलं की बटण १८० वर असताना आत २१० होते. मशीनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ते थर्मामीटर काही महाग नसतं, जाळीवर ठेवा आणि त्यात बघून बटण फिरवा. लोफ म्हणजे उंच, अरुंद आणि जाड केक, उष्णता मधोमध पोचायला वेळ लागतो, म्हणून गोल केकपेक्षा आच कमी आणि वेळ जास्त. मी १७० खरे अंश ठेवते, दोन्ही रॉड चालू, टिन अशा खाचेत की केक ओव्हनच्या मधोमध येईल, वरच्या रॉडपासून जितका लांब तितकं बरं, ५५ ते ६५ मिनिटं. पस्तीस मिनिटांनी वरचा रंग आलेला असला की अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैल टाकायची. फॅनवालं कन्व्हेक्शन असेल तर १५५-१६० पुरे. पहिली ३५ मिनिटं दार उघडायचं नाही. तुमची १८० वर ४५ मिनिटं एवढ्या ओल्या बॅटरला कमीच होती, वरचा रंग बघून तुम्ही फसलात.

झाला की नाही हे सुरीने बघताना एक लक्षात ठेवा, सुरी सफरचंदाच्या तुकड्यातून गेली तर ओलीच येणार, आणि सुरी पुसून परत दुसऱ्या जागी घालायची, तीन ठिकाणी. ओलं पाणी लागलेलं चालतं, चिकट पीठ लागलेलं चालत नाही. आतलं तापमान बघायची काठी असेल तर मधोमध ९६ ते ९८ अंश. आणि एक गोष्ट मी कायम करते, टिन बाहेर काढून कान जवळ नेऊन ऐकायचं (हात आणि केस सांभाळून). आत जोरात बुडबुड, चरचर आवाज असेल तर पाणी अजून उकळतंय, परत आत, दहा मिनिटं. आवाज अगदी बारीक, थांबत थांबत येत असेल तर झाला. काही केक ऐकल्यावर सवय होते, सुरीपेक्षा मला कानावर जास्त भरवसा आहे. वर मधोमध फाटला तर फाटू दे, लोफ फाटतोच.

टिनमधे पंधरा मिनिटं, मग बटर पेपरचे कान धरून उचलून जाळीवर. टिनमधेच गार होऊ दिला तर वाफ तळाशी पाणी होऊन बसते आणि परत तुमचा तो थर. आणि कापायचा दुसऱ्या दिवशी. मला माहितीये घरात वास सुटल्यावर कोणी थांबत नाही, पण गरम कापला तर भुगा होतो आणि मसाला कच्चा लागतो. रात्री करा, पूर्ण गार झाल्यावर बटर पेपरमधे गुंडाळून डब्यात, सकाळी चहाबरोबर ब्रेडच्या दातेरी सुरीने जाड काप. तव्यावर चिमूटभर तूप टाकून तो काप दोन्ही बाजूंनी शेकलात तर काय लागतो, ते इथे लिहून कळणार नाही.

बिनअंड्याचा विचारतीलच कोणीतरी, गणपतीत मी तोच करते. अंडी काढून दही ६० ऐवजी १५० ग्रॅम, सोडा पावऐवजी अर्धा चमचा, पावडर तेवढीच, दही-साखर-तेल चांगलं एकजीव होईपर्यंत फेटायचं आणि बॅटर खूपच घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. किंचित घट्टसर होतो, अंड्याच्या केकसारखा हलका होणार नाही पण चवीला कुठेही कमी नाही. कणीक घालायची तर निम्मी घाला, पूर्ण कणकेचा मला स्वतःला आवडत नाही, जड होतो. गुळाची पावडर साखरेच्या जागी तेवढ्याच वजनाची चालते, रंग गडद येतो आणि मसाल्याबरोबर गूळ फार सुरेख लागतो, फक्त चिक्कीचा गूळ नको. ओव्हन नसेल तर जुन्या कुकरमधे तळाला मिठाचा थर, वर स्टँड, रिंग आणि शिट्टी काढून दहा मिनिटं तापवून मंद आचेवर तासभर ते सव्वा तास, पण लोफ टिन कुकरला बसणार नाही तेव्हा सहा इंचाचं गोल भांडं घ्या आणि सगळं साहित्य निम्मं करा, वरून रंग येणार नाही एवढंच. रोजचा चांगला कुकर यासाठी वापरू नका, कोरडा तापवून खराब होतो.

टिकायचं म्हणाल तर थंडीत बाहेर तीन दिवस, पावसाळ्यात आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत दीड दिवसाच्या वर बाहेर ठेवू नका, फळाचा केक आहे, बुरशी लवकर धरतो. फ्रीजमधे पाच-सहा दिवस. काप करून, मधे बटर पेपर घालून फ्रीझरला टाकलात तर दोन महिने सहज, हवा तेव्हा एकेक काप काढून शेकायचा. हॉस्टेलवर मुलांना पाठवायचा असेल तर तुकडे न घालता फक्त कीस घालून करा, तो प्रवासात मोडत नाही.

तिसऱ्यांदा करताना एकदम सगळं बदलू नका. मैदा-अंडी-तेल तुमच्याच रेसिपीचं राहू द्या, फक्त सफरचंद वजनाने २८० ग्रॅम, कीस पिळून, तुकडे परतून, आणि आच कमी करून वेळ वाढवून बघा. तरीही ओला राहिला तर मला सांगा, पण फोटो टाकाल तेव्हा वरच्या बाजूचा नको, मधून कापलेल्या कापाचा टाका, तळाची कड दिसेल असा. नुसता मधला भाग कच्चा असेल तर दोष ओव्हनचा, तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत थर असेल तर पाणी अजून राहतंय किंवा मैदा जास्त घोटला गेलाय, आणि थर फक्त तुकड्यांच्या भोवती असेल तर तुकडे अजून दोन मिनिटं परतायला पाहिजे होते.